बाह्य कळफलक आणि फोकस : मोबाइल अॅपच्या रचनेतील एका उपेक्षित अंगाची समीक्षा

१

मोबाइल अॅपच्या रचनेविषयी जो विचार होतो, त्यात स्पर्शाला जे मानाचे स्थान मिळाले आहे ते कळफलकाला मिळालेले नाही. वरवर पाहता हे स्वाभाविक वाटते. ज्या यंत्राची सारी प्रतिष्ठा बोटाच्या स्पर्शावर उभी आहे, त्याला कोणी बाहेरून कळफलक जोडला तर तो अपवाद समजावा आणि अपवादाची व्यवस्था सर्वांत शेवटी, वेळ उरल्यास, करावी, अशी समजूत रूढ झालेली आहे. ह्या समजुतीची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. बाह्य कळफलक जोडल्यावर जे अॅप कोलमडते, त्यातील प्रत्येक क्रियेचा अर्थ मुळातच निश्चित केला गेलेला नसतो. कळफलक तो दोष निर्माण करीत नाही, केवळ उघडा पाडतो, असे आमचे प्रतिपादन आहे.

विवेचनासाठी अँड्रॉइड आणि आयओएस ह्या दोन प्रणाली घेतल्या आहेत. बाह्य कळफलक वापरणारा वर्ग कोणता, हेही आरंभीच सांगितले पाहिजे. टॅबलेटला कळफलक जोडून लेखन करणारे त्यात आहेतच. परंतु हाताच्या व्यंगामुळे ज्यांना पडद्यावर नेमके बोट ठेवता येत नाही, आणि म्हणून कळफलक किंवा त्यासारखे स्विच हेच ज्यांचे साधन आहे, अशी माणसेही त्यात आहेत. शिवाय दुकानांत व गुदामांत वापरले जाणारे अनेक बारकोड-वाचक फोनला स्वतःची ओळख कळफलक म्हणूनच करून देतात. म्हणजे ज्याला आपण अपवाद म्हणतो त्याच्या पोटात अनेक नियमित व्यवहार सामावलेले आहेत.

२

स्पर्श आणि कळ ह्यांतील भेद प्रथम लक्षात घ्यावयास हवा. बोट पडद्यावर टेकते तेव्हा त्या घटनेबरोबर स्थानाचे निर्देशांकही येतात. क्रिया आणि तिचे लक्ष्य ही दोन्ही एकाच क्षणी, एकाच कृतीतून मिळतात. कळेचे तसे नाही. यूएसबीच्या मानकानुसार कळफलक केवळ कळेचा क्रमांक कळवितो : ‘के’ ह्या अक्षराच्या कळेला १४, एंटरला ४०, टॅबला ४३. एंटर दाबली गेली एवढेच ह्यातून समजते. ती कोणाला उद्देशून दाबली गेली हे समजत नाही. ते सांगण्याचे काम फोकसचे. पडद्यावरील अनेक घटकांपैकी ह्या क्षणी कळांचा धनी कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे फोकस होय.

संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकांना ह्या स्थितीत काही परिचित आढळेल. पाणिनीच्या सूत्रात जे पद उच्चारलेले नसते ते मागील सूत्रातून अनुवृत्तीने पुढे येते, आणि ते कोठपर्यंत येते हे ठाऊक असल्याशिवाय सूत्राचा अर्थ लागत नाही. अधिकाराची व्याप्ती दाखविण्यासाठी स्वरिताची खूण योजलेली होती. पाठपरंपरेत ती लुप्त झाली आणि ती व्याप्ती निश्चित करण्याचा भार टीकाकारांवर पडला. कळ दाबणे हे अशाच अपुऱ्या सूत्रासारखे आहे. फोकस हे त्यातील अनुवृत्त पद, आणि फोकस झालेल्या घटकाभोवती दिसणारी चौकट ही त्याची खूण. ‘सौंदर्याला बाधा येते’ म्हणून ती चौकट जो रचनाकार काढून टाकतो, तो वापरणाऱ्यावर टीकाकाराचे काम सोपवितो. वापरणाऱ्यापाशी मात्र टीकाकाराइतका अवकाश नसतो.

३

आता अँड्रॉइडकडे वळू. ह्या प्रणालीचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला तेव्हा त्याला सरकता कळफलक आणि बोटाने फिरवावयाचा गोलक होता. पडद्यावरील कळफलक नंतर, २००९ मधील १.५ ह्या आवृत्तीत आला. म्हणजे अँड्रॉइडमध्ये फोकसची कल्पना जन्मापासूनची आहे. तरीही तिचा निर्वाह समाधानकारक का होत नाही, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर ‘टच मोड’ ह्या संकल्पनेत सापडते. वापरणारा पडद्याला स्पर्श करतो त्या क्षणी प्रणाली ह्या अवस्थेत जाते, आणि मग लेखनाच्या चौकटींसारखे मोजके घटक सोडले तर इतरांना फोकस मिळत नाही. बटणावरचा फोकस नाहीसा होतो. पुढे दिशादर्शक कळ दाबली की ती अवस्था संपते आणि फोकस कोणाला द्यावा ह्याचा शोध सुरू होतो. पहिली कळ अनेकदा फोकस प्रकट करण्यातच खर्ची पडते.

ह्या योजनेमागील तर्क समंजस आहे. बोटाने वापरणाऱ्याला फोकसची चौकट नको असते. परंतु योजनेचे गृहीतक असे की माणूस एका वेळी एकाच रीतीने यंत्र वापरतो. प्रत्यक्षात तो एका हाताने पडदा सरकवितो आणि दुसऱ्या हाताने कळ दाबतो. अशा वेळी प्रणालीला अनुमान करावे लागते, आणि ते अनुमान भौमितिक असते : दिलेल्या दिशेला सर्वांत जवळचा घटक कोणता? जवळ असणे आणि अर्थाने पुढचे असणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. दोन स्तंभांच्या अर्जात ‘पिनकोड’च्या खाली जो घटक येईल तो पत्त्याशी संबंधित असेलच असे नाही. पुढील घटक कोणता हे सांगण्याची सोय रचनाकाराला उपलब्ध आहे. २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून तर घटकांचे गट करून त्या गटांमधून कळांनी फिरण्याची आणि आरंभी फोकस कोणाला असावा हे ठरविण्याचीही सोय झाली आहे. सोय आहे, परंतु ती वापरली नाही तरी अॅप बोटाला बिनतक्रार चालते. म्हणून ती वापरली जात नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर परिणामांचा आहे. अँड्रॉइडच्या दृष्टीने बाह्य कळफलक जोडणे किंवा काढणे हा उपकरणाच्या मांडणीतील बदल आहे, आणि रचनाकाराने वेगळे सांगितले नसेल तर अशा बदलाच्या वेळी चालू पडदा मोडून नव्याने उभा केला जातो. अर्ज अर्धा भरून झाल्यावर कोणी ब्लूटूथ कळफलक सुरू केला आणि अॅपने आपली स्थिती जपून ठेवली नसेल, तर भरलेले उत्तर व फोकस दोन्ही जातात. फोकस ही जतन करण्याजोगी स्थिती आहे, तो केवळ चित्राचा भाग नव्हे, ही जाणीव येथे कसोटीला लागते.

४

आयओएसची वाटचाल निराळ्या टोकापासून झाली. येथे बाह्य कळफलक प्रथम लेखणीच्या भूमिकेत आला. २०१० साली आयपॅडबरोबर आणि त्याच वर्षी आयफोनवरही त्याला प्रवेश मिळाला, तो लेखनाच्या चौकटीत मजकूर उमटविण्यापुरता. घटनांना उत्तर देणारा पहिला घटक, म्हणजे ‘फर्स्ट रिस्पॉन्डर’, ही संकल्पना ह्या प्रणालीत होतीच. परंतु साधे बटण आपण होऊन ते पद घेत नाही. २०१३ मध्ये अॅपला स्वतःच्या कळ-आज्ञा जाहीर करण्याची मुभा मिळाली. २०१५ मध्ये कमांड कळ दाबून धरली असता त्या आज्ञांची यादी आयपॅडच्या पडद्यावर दिसू लागली. प्रत्यक्ष कळ कोणती दाबली व कोणती सोडली हे तपशीलवार कळण्याची सोय २०२० च्या १३.४ ह्या आवृत्तीत झाली, आणि टीव्हीच्या प्रणालीत २०१५ पासून असलेली फोकसची यंत्रणा २०२१ साली आयपॅडवर आली.

ह्या शेवटच्या पायरीचे मोल मान्य केले पाहिजे. तेथे घटकांचे गट कल्पिलेले आहेत : टॅब कळ एका गटातून दुसऱ्या गटात नेते, बाणाच्या कळा गटाच्या आत फिरवितात. शंभर ओळींच्या यादीपलीकडे जाण्यासाठी शंभर वेळा टॅब दाबावी लागू नये, ही गरज त्यातून भागते. रचनेतील अर्थाचे गट आणि कळांचा मार्ग ह्यांची सांगड घालणारी ही योजना केवळ भूमितीवर विसंबणाऱ्या योजनेपेक्षा सरस आहे.

तथापि तिच्यातही एक भेदरेषा आहे. याद्या, जाळ्या आणि लेखनाच्या चौकटी ह्यांना हा सामान्य फोकस मिळतो. साध्या बटणांपर्यंत पोहोचण्यासाठी मात्र सुलभतेच्या विभागातील संपूर्ण कळफलक-प्रवेशाची स्वतंत्र सोय चालू करावी लागते. ‘कळफलकाने जलद काम करणारा’ आणि ‘कळफलकावाचून काम करूच न शकणारा’ असे दोन वाचक येथे कल्पिले गेले. परिणामी पहिल्यासाठी अॅप तपासणारा रचनाकार दुसऱ्यासाठीही ते तपासले गेले, असे मानून मोकळा होतो. अँड्रॉइडने दोन अवस्था केल्या, आयओएसने दोन माणसे केली. दोहोंचे मूळ एकच : स्पर्श हा मुख्य पाठ आणि कळ हे परिशिष्ट, ही कल्पना.

५

परिशिष्टाची ही कल्पना मजकुराच्या बाबतीत विशेष फसवी ठरते, कारण पडद्यावरील कळफलक आणि बाह्य कळफलक हे एकाच वस्तूचे दोन प्रकार वाटतात. वस्तुतः तसे नाही. अँड्रॉइडवर पडद्यावरील कळफलक कळा पाठवीलच अशी हमी नाही. तो तयार मजकूर लेखनाच्या चौकटीच्या हवाली करतो, मागचा मजकूर पुसण्यास सांगतो, किंवा ‘पूर्ण झाले’ अशी क्रिया कळवितो. बाह्य कळफलकाची एंटर ही मात्र खरोखरीच कळ असते. जो रचनाकार केवळ ‘पूर्ण झाले’ ह्या क्रियेचीच वाट पाहतो, त्याच्या अॅपमध्ये बाह्य कळफलकावरची एंटर निष्फळ होते. जो केवळ एंटर कळेवर नजर ठेवतो, त्याच्या अॅपमध्ये पडद्यावरील कळफलक निष्फळ होण्याचा संभव असतो. एवढेच नव्हे, तर अँड्रॉइडच्या गणनेत मुख्य एंटरचा क्रमांक ६६ आणि अंकपट्टीवरील एंटरचा १६० असल्यामुळे, पहिल्याचीच दखल घेणारे अॅप हिशेबनिसाच्या उजव्या हाताखालील एंटरला दादच देत नाही.

मराठीत लिहिणाऱ्याला ह्या भेदाचा अनुभव अधिक तीव्रतेने येतो. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या आयएस १३१९४ ह्या मानकात समाविष्ट असलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत ‘क्ष’ लिहावयाचा तर ‘के’च्या कळेवरून क, ‘डी’च्या कळेवरून हलन्त आणि त्यापुढे ष, अशी तीन चिन्हे देऊन तो लिहिता येतो. कळ, चिन्ह आणि डोळ्यांना दिसणारे अक्षर ही तीन निरनिराळी माने आहेत, हे देवनागरी लिहिणाऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही. ‘एक कळ म्हणजे एक अक्षर’ असे धरून चालणारे अॅप रोमन लिपीत निभावून जाते आणि देवनागरीत उघडे पडते. अँड्रॉइडमध्ये बाह्य कळफलकाची कळही लेखनाच्या चौकटीपाशी येण्यापूर्वी लेखन-पद्धतीच्या स्वाधीन होते. रोमन कळांवरून मराठी उमटविणाऱ्या पद्धतींना ह्याच टप्प्यावर वाव मिळतो. हा टप्पा ओलांडून अगोदरच कळा अडविणारे अॅप अशा पद्धतींचे काम खुंटविते. म्हणून तत्त्व असे सांगता येईल की मजकूर हवा असेल तर मजकूर मागावा. कळ केवळ आज्ञेसाठी ऐकावी.

मजकूर आणि आज्ञा ह्यांची गल्लत झाली म्हणजे काय होते, हे बारकोड-वाचकाच्या उदाहरणावरून दिसेल. गुदामातील एका अर्जात ‘वस्तुक्रमांक’ आणि ‘नग’ अशा दोन चौकटी आहेत असे समजा. वाचक तेरा अंक धाडतो आणि, तशी योजना केलेली असल्यास, त्यांच्यामागे एंटर पाठवितो. एक नोंद झाल्यावर अॅप ‘नोंद जतन झाली’ असा संवाद दाखविते आणि फोकस त्यातील ‘ठीक’ ह्या बटणावर येतो. कामगाराची नजर पडद्यावर नसून खोक्यावर असते. तो पुढचे खोके वाचकापुढे धरतो. तेरा अंक बटणाला निरर्थक म्हणून गळून पडतात, एंटर तेवढी बटण दाबते, संवाद मिटतो. वाचकाने नेहमीचा आवाज केला, पडदा पूर्ववत झाला आणि एक खोके हिशेबातून नाहीसे झाले. ह्याच जागी फोकस ‘नग’ ह्या चौकटीत राहिला असता तर तेरा आकडी नगसंख्या नोंदली जाण्याचा धोका होता. कोठेही त्रुटीचा संदेश नाही, अॅप बंद पडलेले नाही. तरी नोंद खोटी आहे. फोकसचा प्रश्न सोयीचा नसून सत्यतेचा कसा होतो, हे ह्यावरून ध्यानात यावे.

६

येथवर प्रणालींचे दोष पाहिले. तथापि सर्व दोष त्यांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. आधुनिक रचनापद्धतींत एकच दृश्य परिणाम दोन वाक्प्रचारांनी साधता येतो, आणि निवड रचनाकाराची असते. २०२१ मध्ये स्थिर आवृत्तीस पोहोचलेल्या जेटपॅक कम्पोजमध्ये एखाद्या घटकाला ‘क्लिकेबल’ म्हटले की त्याला स्पर्श कळतो, फोकस मिळतो, एंटर कळते आणि पडदा वाचून दाखविणाऱ्या साहाय्यक साधनालाही तो कृतिक्षम घटक म्हणून ओळखता येतो. त्याच घटकावर केवळ बोटाची टिचकी ओळखणारी जुळणी केली, तर बोटाला दोहोंत काहीच फरक जाणवत नाही. कळफलकाला मात्र दुसरा घटक अस्तित्वातच नसतो. फ्लटरमध्ये ‘इंकवेल’ आणि ‘जेश्चर-डिटेक्टर’ ह्यांत हाच भेद आहे.

हा भेद आमच्या प्रतिपादनाचा मुख्य आधार आहे. पहिल्या रीतीत रचनाकार सांगतो की ‘ही एक क्रिया आहे’. ती कोणत्या साधनाने करावयाची हे प्रणालीवर सोपवितो. दुसऱ्या रीतीत तो सांगतो की ‘ह्या जागी बोट टेकले तर हे घडावे’. पहिले विधान क्रियेविषयी आहे, दुसरे हाताविषयी. क्रियेचा अर्थ ज्याने नमूद केला त्याला बाह्य कळफलकासाठी निराळे श्रम फारसे पडत नाहीत. ज्याने केवळ हाताची हालचाल नमूद केली त्याला प्रत्येक नव्या साधनाबरोबर पुन्हा आरंभ करावा लागतो.

असा आक्षेप घेतला जाईल की बाह्य कळफलक वापरणारे थोडे, आणि थोड्यांसाठी सर्वांचा वेळ खर्च करणे व्यवहाराला धरून नाही. ह्या आक्षेपाचे पहिले उत्तर हक्काचे आहे. भारताच्या २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने माहिती व संपर्काच्या साधनांची सुलभता ४२ व्या कलमात शासनाचे कर्तव्य म्हणून नमूद केली आहे. ज्याला पैसे भरण्याच्या अॅपमधील शेवटच्या बटणापर्यंत पोहोचता येत नाही, त्याला आपण थोड्यांपैकी एक आहोत ह्याने दिलासा मिळत नाही. दुसरे उत्तर रचनेचे आहे. जे श्रम कळफलकासाठी म्हणून मोजले जातात ते वस्तुतः क्रिया, क्रम आणि स्थिती स्पष्ट करण्याचे श्रम आहेत, आणि त्यांचा लाभ टीव्हीच्या रिमोटपासून स्विचपर्यंत सर्व साधनांना होतो.

७

ह्या क्षेत्रातील कसोट्या नव्याने शोधावयाच्या नाहीत. संकेतस्थळांच्या सुलभतेसाठी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डब्ल्यूसीएजी २.० ह्या निकषांत त्यांची मांडणी झालेली आहे, आणि संकेतस्थळांव्यतिरिक्तच्या प्रणालींना ते कसे लावावेत ह्याचे विवरण २०१३ च्या टिपणात आले. सर्व क्रिया कळफलकाने करता याव्यात, फोकस जेथे कळांनी जातो तेथून कळांनीच बाहेर पडता यावे, फोकसचा क्रम अर्थाला धरून असावा, फोकस दिसावा. २०२३ च्या २.२ ह्या आवृत्तीने त्यांत भर घातली की फोकस झालेला घटक अन्य घटकांखाली पूर्णपणे झाकला जाऊ नये. मोबाइलच्या लहान पडद्यावर, तळाशी चिकटलेल्या पट्ट्यांच्या काळात, ही भर विशेष महत्त्वाची आहे.

परंतु निकषांची पूर्तता आणि रचनेची योग्यता ह्यांत अंतर राहते. वर वर्णिलेले गुदामातील अॅप हे सर्व निकष पाळूनही खोटी नोंद करू शकेल. निकष स्थितीविषयी बोलतात. आम्हाला संक्रमणाविषयीही विचारावयाचे आहे. संवाद मिटल्यावर फोकस कोठे परतला? यादीतील फोकस झालेली ओळच पुसली गेली तर त्याचा वारसा कोणाकडे गेला? कळ खाली जाताना फोकस एकाकडे आणि वर येताना दुसऱ्याकडे असेल तर ती कळ कोणाची मानावी? कळ दाबून धरल्याने तीच घटना पुनःपुन्हा येत राहिली तर पैसे दोनदा भरले जाणार नाहीत ना? पडदा नव्याने उभारल्यावर फोकस पूर्वीच्या जागी आला का? अॅपच्या कोणत्याही गंभीर समीक्षेने हे पाच प्रश्न विचारले पाहिजेत. त्यांची उत्तरे चित्रांवरून मिळत नाहीत. कळफलक जोडून, पडद्याला हात न लावता, काम आरंभापासून शेवटपर्यंत पार पाडून पाहिल्यावरच ती मिळतात.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात ह्या विषयाला सुलभतेच्या प्रकरणातील एक टीप एवढेच स्थान देणे उचित नाही, असे ह्या विवेचनावरून म्हणावेसे वाटते. विद्यार्थ्याने पडद्याचा आराखडा काढण्यापूर्वी त्या पडद्यावर शक्य असलेल्या क्रियांची यादी करावी, त्यांचा क्रम लिहावा, आणि प्रत्येक क्रियेनंतर फोकस कोठे असेल हे एका वाक्यात नोंदवावे. ज्या क्रियेपुढे असे वाक्य लिहिता येत नाही, तिचा अर्थ अद्याप ठरलेला नाही असे समजावे आणि ती बोटाने चालते म्हणून पुढे जाऊ नये.